दुःखाची सोय लावणारं संगीत

योम किप्पूर हा ज्यू वर्षातला सर्वांत गंभीर उपवास. त्याच्या आदल्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये एक मजकूर गायला जातो, त्याचं नाव कोल निद्रे. भाषा अरामी. अर्थ लावून वाचला तर वकिलाने लिहून दिलेला कागद वाटावा: देवापुढे घातलेल्या शपथा, बोललेले नवस, स्वतःवर लादून घेतलेली बंधनं, या सगळ्यांची यादी आणि त्या रद्दबातल समजाव्यात असं निवेदन. त्यात ना मृत्यू, ना छळ, ना अश्रू. तरी हझ्झान, म्हणजे उपासनेचा मुख्य गायक, तो तीनदा म्हणतो, पहिल्यांदा दबक्या आवाजात आणि मग चढत्या, तेव्हा वर्षभर सिनेगॉगची पायरी न चढणारी माणसंही डोळे पुसतात. जर्मन संगीतकार माक्स ब्रूख प्रोटेस्टंट होता, पण ही चाल त्याला इतकी भिडली की १८८० साली त्याने ती घेऊन चेलो आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. आज बहुतेक बिगर-ज्यू श्रोत्यांना कोल निद्रे माहीत असतं ते त्याच्यामुळे.

ज्यू संगीत इतकं उदास का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: बिचाऱ्यांनी सोसलंच तेवढं. उत्तर खोटं नाही, पण त्याने फारसं उलगडतही नाही. सोसलेलं जगात पुष्कळांनी आहे. शिवाय शब्दांत सोसण्याचा उल्लेखही नसताना रडू कुठून येतं, हे त्यातून कळत नाही. सालो बॅरन या इतिहासकाराने १९२८ सालीच तक्रार केली होती की ज्यूंचा इतिहास म्हणजे नुसती रडगाथा, अशा रीतीने तो सांगणं थांबवा. संगीताबद्दलही ते म्हणता येईल. मला तर प्रश्न वेगळाच विचारावासा वाटतो: या लोकांनी आपल्या दुःखाची सोय कुठे आणि कशी लावली?

आधी स्वरांचं पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. हाताशी पेटी असेल तर सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी असं वाजवून पाहा. आपल्या कानाला खालच्या अर्ध्या सप्तकात भैरव ऐकू येईल, वरच्या अर्ध्यात भैरवी. दोन्ही मिळून बसंत मुखारीचे स्वर. पूर्व युरोपातल्या ज्यू संगीतात हाच स्वरसंच 'आहावा राबा' किंवा 'फ्रेगिश' या नावाने ओळखला जातो, आणि अरबी संगीतातला हिजाझ मकाम (मकाम म्हणजे साधारण आपला राग) त्याच्या अगदी जवळचा. कोमल रे ते शुद्ध ग हे दीड स्वराचं अंतर पाश्चात्त्य कानाला ताणलेलं, कळवळलेलं वाटतं. पण पहाटेच्या भैरवात तेच अंतर आपण शांतपणे ऐकतो. त्याला कोणी रडका म्हणत नाही.

खुद्द ज्यू परंपरेतही तो रडका नाही. आहावा राबा हे नाव ज्या प्रार्थनेवरून पडलं ती सकाळची प्रार्थना देवाच्या अपार प्रेमाबद्दल आहे. लग्नात ज्यावर सगळे फेर धरून नाचतात ते 'हावा नागिला' याच स्वरांतलं. त्याची मूळ चाल आजच्या युक्रेनमधल्या सादिगुरा इथल्या हसिदी या ज्यू भक्तिपंथातल्या लोकांची, बिनशब्दांची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जेरुसलेममध्ये अब्राहम इडेलसोन या संगीत-अभ्यासकाने तिला शब्द दिले, असं साधारणपणे मानलं जातं. ते शब्द आनंद करू या, गाऊ या, एवढंच सांगतात. मूळच्या सीरियातल्या आलेप्पोच्या ज्यूंकडे तर आणखी गंमत आहे. अरब ज्याला करुण समजतात तो साबा मकाम ते बाळाच्या सुंतेच्या आनंदसोहळ्याला लावतात.

म्हणजे दुःख स्वरात नाही. बरंचसं लहेजात आहे. क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातले लग्नाबिग्नात वाजवणारे ज्यू वादक, व्हायोलिन किंवा क्लॅरिनेटवर स्वर संपता संपता तो घशात अडकल्यासारखा तोडतात. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, त्याला क्रेख्त्स म्हणतात, कण्हण्याचा आवाज. ही लकब वाद्यांकडे आली ती गळ्यातून. परंपरागत सिनेगॉगमध्ये शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाद्यं वाजत नाहीत, त्यामुळे सगळा भार हझ्झानच्या आवाजावर. योसेले रोझेनब्लाट (१८८२-१९३३) हा त्यातला सर्वांत गाजलेला. वरच्या पट्टीत जाऊन त्याचा आवाज जो फुटायचा, त्यासाठी लोक दुरून यायचे. १९१८ साली शिकागोच्या ऑपेरा कंपनीने त्याला बोलावलं, तर धर्माच्या कारणाने त्याने नकार दिला. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकायला मिळतात. खरखर सहन करून ऐकाव्यात. आणि लगेच पाठोपाठ नाफ्तुले ब्रांडवाइनचं क्लॅरिनेट ऐकावं. चाल नाचाची, लय पळती, आणि मध्येच तोच हुंदका. नाचणारे काही त्यासाठी थांबत नाहीत.

नाच आणि हुंदका शेजारी बसवण्याची ही रीत अपघाताने आलेली नाही. पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नात बदखन नावाचा माणूस असे, अर्धा विदूषक, अर्धा शीघ्रकवी. मांडवात जाण्याआधी नवरीला खुर्चीवर बसवत आणि बदखन तिच्यापुढे यमकं जुळवत उभा राहायचा: आता बालपण संपलं, आई नाही गं तुझी हे बघायला, पुढे काय वाढून ठेवलंय कोणास ठाऊक. मागे व्हायोलिन. नवरीने रडावं, भोवतालच्या बायकांनी रडावं, हाच त्याचा उद्देश, आणि रडल्या नाहीत तर त्याचं काम फसलं. ते आटोपलं की तोच माणूस टवाळी सुरू करायचा. विधी पूर्ण झाल्यावर नवरा पायाखाली काच फोडतो, जेरुसलेमच्या पडलेल्या मंदिराची आठवण म्हणून. काच फुटल्याचा आवाज आला की सगळे एका सुरात अभिनंदनाचा गजर करतात. दुःखाला बोलावलं, जागा दिली, वेळ दिली आणि पुढचं काम सुरू केलं.

भिंतीचा न रंगवलेला तुकडा

हे तंत्र कुठून आलं, याचा माग काढत गेलं की आपण इसवी सन ७० ला पोचतो. रोमन सैन्याने जेरुसलेमचं दुसरं मंदिर जाळलं ते हे साल. पहिलं मंदिर बाबेलच्या सैन्याने त्याआधी साडेसहाशे वर्षं पाडलं होतं. मंदिर हे एका धर्माचं नुसतं स्थान नव्हतं. बळी, सण, गायकांचे ताफे, सगळा व्यवहार तिथेच चालायचा. ते गेल्यावर काही लोकांनी मांस आणि मद्य सोडलं. तालमूद या ज्यू धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, चर्चांच्या जुन्या संग्रहात पुढची गोष्ट येते. रब्बी यहोशुआ त्यांना विचारतात, बाळांनो, मांस का खात नाही? ते म्हणतात, जे मांस वेदीवर चढत होतं ते आता चढत नाही, मग आम्ही कसं खावं? रब्बी म्हणतात, बरं, मग भाकरीही सोडा, वेदीवर धान्यही जायचं. आम्ही फळांवर राहू. फळंही जायची. मग दुसरी फळं. मग पाणीही पिऊ नका, वेदीवर पाण्याचंही अर्घ्य असायचं. इथे ते गप्प होतात.

रब्बी पुढे जे सांगतात त्यावर मला वाटतं या सगळ्या संगीताचा पाया उभा आहे. अजिबात शोक न करणं शक्य नाही, कारण झालं ते झालंय. अति शोक करणंही शक्य नाही, कारण बहुतेकांना पेलणार नाही असा नियम समाजावर लादता येत नाही. म्हणून असं करा: घराला गिलावा द्या, पण थोडा तुकडा तसाच ठेवा. मेजवानी करा, पण एखादा पदार्थ कमी करा. बाईने दागिने घालावेत, पण एखादा काढून ठेवावा.

गाण्यातलं याचं सर्वांत बारीक उदाहरण पुरीम या सणाला ऐकायला मिळतं. पुरीम म्हणजे सोंगं, दारू आणि दंगा. त्या दिवशी बायबलमधला एस्तेरचा ग्रंथ एका ठरलेल्या, उत्साही चालीत वाचतात. पण मध्येच एक ओळ येते, एस्तेरचा पालक मर्दखय याला जेरुसलेमहून कैदी म्हणून नेलं त्याची. तेवढी एक ओळ वाचक अचानक विलापगीताच्या चालीत म्हणतो आणि पुढच्या ओळीला परत मूळ चालीवर येतो. राजाच्या मेजवानीतल्या भांड्यांच्या उल्लेखालाही तसंच, कारण ती भांडी मंदिरातून लुटलेली होती असं परंपरा मानते. ऐन दंग्यात चार-पाच सेकंदांचं विलापगीत, भिंतीच्या त्या कोऱ्या तुकड्यासारखंच.

विलापगीत हा ग्रंथ वाचण्याचा दिवस वेगळा: आव महिन्याची नववी तिथी, दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा दिवस. दिवे मंद करून, चामड्याच्या चपला काढून, जमिनीवर बसून तो वाचतात. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पाचांपैकी पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने लिहिले आहेत. एक अक्षर, त्याचं कडवं, मग पुढचं अक्षर. शहर जळतंय, मुलं भुकेने मरताहेत, आणि कवी अक्षरांचा क्रम सोडत नाही. अक्षरं बावीसच. ती संपली की विलापही संपतो. शेवटची ओळ फार कडवट आहे, देवाने आपल्याला पुरतं टाकलं की काय अशा अर्थाची. तिथे थांबायचं नाही म्हणून सगळे मिळून तिच्या आधीची ओळ मोठ्याने पुन्हा म्हणतात: आम्हाला परत फिरव, म्हणजे आम्ही फिरू. दुपारनंतर जमिनीवरून उठून खुर्च्यांवर बसायलाही परवानगी आहे.

आपल्या कोकणात या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत. बेने इस्राएल म्हणजे रायगड जिल्ह्यातले मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं ते सांगतात. त्यांचे सण खाण्यावरून ओळखले जात: खिरीचा सण, तसा हा वालाच्या बिरड्याचा. या समाजाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कोकणात कोणी त्यांचा छळ केला नाही. शेजाऱ्यांनी हाकललं नाही, वस्त्या जाळल्या नाहीत. तरी हजारो मैलांवरच्या मंदिराचा शोक त्यांनी आपल्या पानात वाढून घेतला. गाणी मात्र त्यांनी इथलीच घेतली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनात बसवली, साक्या-दिंड्यांसकट. भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफाची कथा कीर्तनाच्या चालीत ऐकणाऱ्याला त्यात क्रेख्त्स सापडणार नाही. म्हणजे ज्याला आपण सरसकट ज्यू संगीताचं दुःख म्हणतो त्यातला मोठा भाग पूर्व युरोपाचा आहे, रुमानिया-युक्रेन-तुर्कस्तानच्या शेजारचा. स्वतःची जखम नसतानाही जो टिकतो, तो शोक पाळण्याचा रिवाज.

ना ते, ना त्याचं फळ

आता अवघड भाग. सोसण्याला अर्थ असतो का?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ज्यू धर्म दुःखाला पवित्र मानत असणार. त्यातल्या काही ग्रंथांत तसा सूर आहेही. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला ताडन करतो, अशा अर्थाचा. पण त्याच तालमूदमध्ये, त्याच पानांवर, त्याला उलटं उत्तर आहे. तिसऱ्या शतकात गालीलमध्ये रब्बी योहानान नावाचे मोठे गुरू होते. त्यांचे दहा मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. एकदा ते आजारी शिष्याला भेटायला गेले आणि विचारलं, हे दुःख तुला प्रिय आहे का? खरं तर धार्मिक माणसाने 'हो' म्हणावं अशी अपेक्षा. शिष्य म्हणाला, ना ते हवं, ना त्याचं फळ. योहानान म्हणाले, हात दे. त्याने हात दिला, त्यांनी त्याला उठवलं. पुढे योहानान स्वतः आजारी पडले. दुसरे रब्बी आले, तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि तसाच हात. तालमूद इथे विचारतं, योहानान दुसऱ्याला उठवू शकत होते तर स्वतःला का नाही उठवलं? उत्तर: कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातही हेच आहे. ईयोब हा सज्जन माणूस, ज्याचं सगळं हिरावलं जातं. मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात, तोवर ठीक. तोंड उघडून त्याच्या दुःखाचा अर्थ सांगायला लागतात तेव्हा बिघडतं, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो.

मला वाटतं कोल निद्रेचं कोडं इथे बरंचसं सुटतं. कद्दीश ही मृतांसाठी म्हणायची प्रार्थना. आई किंवा वडील गेल्यावर अकरा महिने रोज म्हणतात. तिच्यात मृत्यूचा शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेप्रमाणे दहा पुरुष लागतात. सुधारणावादी मंडळी बायकांनाही धरतात. शोक करणारा एक ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. म्हणजे ज्याला घराबाहेर पडावंसं वाटत नाही त्याला रोज नऊ माणसं गाठावी लागतात. शब्द कोरडे असले तरी चालतात, कारण तिथे शब्दांकडून सांत्वनाची अपेक्षाच नाही. अपेक्षा आहे ती शेजारी उभं राहून उत्तर देणाऱ्यांकडून.

१८व्या शतकात युक्रेन-पोलंडमध्ये हसिदी चळवळ सुरू झाली आणि तिने संगीताला उपासनेच्या मधोमध आणलं. त्यांचा निगून म्हणजे बहुतेकदा बिनशब्दांची चाल, 'याबा बाम' करत तासभर घोळवलेली. याच लोकांनी दुःखाचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले. लियादीचे रब्बी श्नेऊर झाल्मान सांगतात, एका दुःखात हृदय दगडासारखं होतं, त्यात जीव नसतो, ते टाळा. दुसऱ्यात कडवटपणा असतो, पण तो जिवंत असतो, माणसाला हलवतो. ब्रेस्लोव्हचे रब्बी नाखमान (१७७२-१८१०) यांनी मुलं गमावली, क्षयाने वयाच्या ३८व्या वर्षी गेले. त्यांचा आग्रह असा की माणसाने सतत आनंदात असावं, आणि भग्न हृदयाने देवाशी बोलायला दिवसातली एक वेळ राखून ठेवावी. पुन्हा तोच न रंगवलेला तुकडा. गाण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं: वादक वाद्यातून चांगला वारा खराब वाऱ्यापासून वेगळा काढतो आणि स्वर तयार होतात. तसं स्वतःतलं थोडं थोडं चांगलं शोधावं, वेगळं करावं आणि जोडत जावं, त्याचा निगून होतो. इथे चाल जमते ती निवडण्यातून. खुद्द दुःखातून ती आपोआप झरत नाही.

याउलट काही कथांचा मला त्रास होतो. मोजिट्झचे रब्बी यिस्राएल ताऊब यांचा पाय १९१३ साली बर्लिनमध्ये कापावा लागला. भूल न घेता शस्त्रक्रिया चालू असताना त्यांनी एक प्रदीर्घ निगून रचला, अशी आख्यायिका आहे. चाल खरोखर थोर आहे. पण ही कथा ऐकून लोक माना डोलावतात तेव्हा वाटतं, चाल ऐका, आणि पुढच्या माणसाला भूल द्या.

व्हिक्टर फ्रँकल हे नाव अर्थाच्या चर्चेत हटकून निघतं. व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ टेरेझिन, आउशविट्झ आणि आणखी नाझी छावण्यांतून वाचला; आई, वडील, पत्नी गेली. माणसाला अर्थ सापडला तर तो जवळपास काहीही सोसू शकतो, असं त्याने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडलं. 'दुःखातून अर्थ' एवढं वाक्य उचलून त्याला भाषणांत वापरतात, पण त्याची अट विसरतात. टाळता येणारं दुःख आधी टाळा, ते सोसत बसणं वीरता नव्हे, हे त्याने स्वच्छ लिहिलं आहे. तरीही लॉरेन्स लँगरसारख्या अभ्यासकाने त्याच्यावर टीका केलीच, की छावणीत जगणं-मरणं मनोवृत्तीवर ठरत नव्हतं आणि अर्थाची भाषा तिथल्या मेलेल्यांवर अन्याय करते. मला लँगरचं पटतं, आणि फ्रँकलला त्याच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल हे म्हणायचा हक्क होता हेही पटतं.

हा वाद छावण्यांच्या काळातही झाला होता, आणि तोही संगीतावरूनच. जानेवारी १९४२ मध्ये लिथुआनियातल्या विल्ना शहराच्या गेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, पहिली मैफल ठरली. त्याआधीच्या काही महिन्यांत शहराच्या बहुतेक ज्यूंना जवळच्या पोनारीच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या होत्या. मैफलीच्या विरोधात भिंतींवर कागद लागले: दफनभूमीत नाटकं करत नाहीत. विरोध करणाऱ्यांत गेटोचा ग्रंथपाल हेरमान क्रूक होता. मैफल झाली. लोक आले, रडले. पुढे वाद्यवृंद झाला, नाटकं झाली, आणि क्रूकनेही आपल्या रोजनिशीत त्यांची नोंद ठेवली, जीवन सगळ्याला पुरून उरतं अशा कबुलीसह.

१९४३ साली तिथे गाण्याच्या चालींची स्पर्धा झाली आणि बक्षीस अलेक वोल्कोव्हिस्की या अकरा वर्षांच्या मुलाच्या चालीला मिळालं. कवी श्मेर्के काचेरगिन्स्कीने तिच्यावर यिद्दिश शब्द बसवले. ती अंगाई आहे. त्यात पोनारीकडे जाणारे रस्ते आहेत, परतीचा एकही नाही, आणि बाप कुठे नाहीसा झाला ते मुलाला सांगायचं नाही. हे का घडलं याचं उत्तर त्यात नाही, त्यातून काय साधलं हेही नाही. शेवटच्या कडव्यात नदीचं बर्फ वितळायला लागतं. काचेरगिन्स्की युद्धानंतर गेटोतली गाणी गोळा करत फिरला, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली. आणि तो मुलगा वाचला. अलेक्झांडर तामिर या नावाने तो जेरुसलेममध्ये पियानोवादक झाला, आणि ब्राखा एडेनबरोबर त्याची दोन पियानोंची जोडी पुढे जगभर वाजवत राहिली.